पणजोबा पहिल्या महायुद्धात होते, त्यांच्या नोकरीची माहिती कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की पणजोबा मराठा पलटणीत होते, इराकमधल्या बसऱ्याच्या लढाईला गेले आणि परत आले, घरात एवढंच सांगतात, आणि ट्रंकेत चांदीचं एक मेडल आहे. बहुतेकांच्या घरात तेवढंही उरलेलं नसतं हो, चांदी म्हणून कित्येक मेडलं सोनाराकडे गेली, त्यामुळे आधी ते मेडल नीट सांभाळा आणि चिंच-राख लावून घासायला अजिबात घेऊ नका.

मेडलवर राजाचा चेहरा आहे ती बाजू सोडा, त्याची कड बघा, म्हणजे नाण्याची असते तशी जाडीची पट्टी. उजेड तिरपा पाडून आणि भिंग घेऊन बघितलं की तिथे बारीक इंग्रजी अक्षरं दिसतील, आधी नंबर, मग हुद्दा, मग नाव आणि शेवटी पलटण. चांदणीच्या आकाराचं १९१४-१५ चं मेडल असेल तर हेच सगळं मागच्या सपाट बाजूला असतं. हेच राजाच्या चेहऱ्याचं मेडल चांदीऐवजी ब्राँझचं निघालं तर माणूस बहुतेक लढणाऱ्यांत नव्हता, मजूर, भिस्ती अशा लोकांना ते दिलेलं आहे. त्यात कमीपणा काही नाही, पण मग शोधायची जागा बदलते.

आता माझं मुख्य सांगणं, नावाने शोधू नका, नंबर आणि पलटणीने शोधा. मी दीड वर्ष नावाने शोधत बसलो. आमच्या आजोबांचे थोरले चुलते तिकडेच गेले, परत आले नाहीत, आणि घरात त्यांचा फोटो नाही की पत्र नाही. नाव तर असं की त्या काळात गावोगाव पाच-सहा जणांचं तेच असणार, त्यात लिहून घेणारा साहेब जे कानावर पडेल ते इंग्रजीत लिहायचा, म्हणजे खंडू कधी खुंडू होतो, पवारचं पोवार होतं, आडनाव कधी असतं कधी गायब, आणि मराठा हा शब्दच त्यांच्या कागदात 'महरट्टा' असा लिहिलेला आहे, तो आपल्या सवयीच्या स्पेलिंगने टाकला तर हाताला काही लागत नाही. नंबर मात्र बदलत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, तेव्हा प्रत्येक पलटणीची नंबरांची वेगळी रांग होती, त्यामुळे पलटण माहीत नसताना नुसता नंबर काही कामाचा नाही.

पलटणींच्या आकड्यांचाही एक घोळ आहे. त्या युद्धात मराठ्यांच्या पलटणी १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ अशा होत्या. १९२२ मध्ये फौजेची फेररचना झाली आणि या सगळ्या मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली, १०३ ची पहिली बटालियन झाली, ११० ची तिसरी, ११७ ची पाचवी. म्हणून घरात कुणी "आबा तिसऱ्या पलटणीत होते" म्हणत असेल आणि मेडलवर ११० असेल तर दोन्ही खरं असू शकतं. १११ महार ही पलटण वेगळी, ती १९१७ ला उभी राहिली आणि १९२१ ला मोडली, तेव्हा कुणाचे आजे-पणजे तिच्यात असतील तर ही वर्षं धरून चला.

जिल्ह्याचंही तसंच. मी इतके दिवस सांगली जिल्हा धरून बसलो होतो, आणि सांगली जिल्हा तेव्हा नव्हताच ना! तासगाव, वाळवा, खानापूर हे सगळे तालुके सातारा जिल्ह्यात होते, १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. तसाच सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता आणि रायगड म्हणजे कुलाबा. शिवाय गाव एखाद्या संस्थानात असेल तर कागदावर जिल्ह्याच्या जागी संस्थानाचं नाव येतं. मी जिल्हा सातारा केला आणि त्याच संध्याकाळी नोंद सापडली. नंबर, पलटण, गाव, तालुका, सगळं जुळलं.

ही नोंद सापडली ती कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर. दोन्ही महायुद्धांत गेलेल्या जवळपास १७ लाख लोकांची नावं तिथे आहेत आणि शोधायला पैसे लागत नाहीत. पण तिथे फक्त मृतांची नोंद असते, तुमचे पणजोबा परत आले म्हणजे ते तिथे नसणार, तरी त्यांच्याच गावचे, त्यांच्याच पलटणीचे लोक सापडतील आणि त्यावरून पलटण कधी कुठे होती याचा अंदाज येतो. गावात जुना संगमरवरी दगड आहे का तेही बघा, "या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली, त्यातली इतकी मेली" असं लिहिलेले दगड आपल्याकडे बऱ्याच गावांत लावलेले होते, चावडीवर, शाळेच्या भिंतीत वगैरे. त्यावर आकडा असतो, नावं नसतात.

आणि हे नुसते आकडे बघून मला फार वाईट वाटतं. बसऱ्याला मोठं स्मारक आहे, ज्यांची थडगी माहीत नाहीत अशा ४०,००० हून जास्त लोकांचं, पण दगडावर नावं कोरली ती गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची, साध्या शिपायांची फक्त संख्या, अमुक पलटण आणि इतके शिपाई. आमचे चुलत पणजोबा त्या संख्येतले एक. १९९७ मध्ये ते अख्खं स्मारक उचलून शहराबाहेर वाळवंटात नेलं. शिपायांची नावं कागदावरच्या यादीत होती आणि आता ती कमिशनच्या साइटवर दिसतात. मी नोंद प्रिंट करून आमच्या आत्याआजीला दाखवली, तिला वाचता येत नाही, तिने नावावरून बोट फिरवलं आणि तारीख विचारली. मरणाची तिथी माहीत नाही म्हणून घरात इतकी वर्षं त्यांना सर्वपित्रीलाच पान वाढायचे. तारीख निघाली ऑगस्ट १९१६.

त्या तारखेने मला पुढे नेलं. इराकमधल्या कुटला जनरल टाउनशेंडची इंग्रजांची फौज डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती, पुणे डिव्हिजन म्हणतात ती हीच, त्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या, आमच्या चुलत पणजोबांची पलटण यातलीच एक. जवळपास पाच महिने उपासमार झाली, घोड्याचं मांस खायला आपले शिपाई बरेच दिवस तयार नव्हते, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती पत्करली. कैद्यांना तुर्कांनी वाळवंटातून उत्तरेकडे चालवत नेलं, बरेच जण आजच्या सीरियातल्या रास अल ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामावर घातले. म्हणजे ऑगस्टची तारीख पाहता ते लढाईत गेले नसावेत, कैदेत गेले असावेत. घरात शंभर वर्षं "गोळी लागून गेले" असंच सांगत होते.

तुमच्या पणजोबांसाठी आता दोन गोष्टी करा. एक म्हणजे त्या पलटणीची वॉर डायरी, ती लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ ९५ या मालिकेत आहे, कॅटलॉग ऑनलाइन आहे, पलटणीचं नाव आणि मेसोपोटेमिया (म्हणजे आजचा इराक) असं टाका. शिपायाचं नाव त्यात सहसा येत नाही पण पलटण कुठल्या दिवशी कुठे होती, किती जखमी, पाऊस होता की ऊन, हे रोजचं असतं. आपल्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे पोर्टलही चाळा.

दुसरी म्हणजे पेन्शन. त्यांना पेन्शन होती का हे घरात विचारा, कारण पेन्शन नसलेल्यांचे कागद २५ वर्षांनी नष्ट करायचा नियम आहे, पेन्शनवाल्यांचे जास्त दिवस ठेवतात. बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला नंबर-पलटण लिहून पत्र पाठवा, पण पहिल्या महायुद्धाचं काही मिळेल अशी फार आशा ठेवू नका. मी एका ऑफिसला तीन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. घरची बाजू जास्त पक्की, इनाम जमीन मिळाली असेल तर जुन्या फेरफारात नोंद सापडेल, ती मोडीत असली तर मोडी वाचणारे शोधा. पंजाबचे तीन लाखांवर शिपायांचे रजिस्टर ऑनलाइन आलेत ते बघून आपलंही असेल असं वाटतं, पण ती यादी फक्त पंजाबची आहे, तिथे वेळ घालवू नका.

मेडलच्या कडेवरचा पलटणीचा आकडा वाचून इथेच खाली लिहा, नाव-नंबर उघड टाकायची गरज नाही. १०३, ११० किंवा ११७ असेल तर कुटच्या वेढ्याआधीच्या डायऱ्यांतली बरीच पानं मी वहीत उतरवून ठेवलीत, तारखा लावून देतो.