खानदेशातील जुन्या वाड्यात मे महिन्यात मुक्काम केला, तर उकाडा सोसवेल का?

आपला प्रश्न असा आहे की, शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या घरात सुट्टीचे चार दिवस काढायचे झाल्यास खानदेशच्या उन्हात ते जमेल का, आणि अशी जागा कुठे आहे. गिरणाकाठच्या आमच्या गावी पणजोबांनी बांधलेला धाब्याचा, म्हणजे सपाट छताचा, वाडा आहे आणि त्यात आम्ही पाहुणे ठेवतो, म्हणून उत्तर देतो : जमेल, मात्र वरचे धाबे मातीचेच असले पाहिजे.

आमच्या वाड्याच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, दोन हात रुंद. वर सागाच्या तुळया, त्यांवर कड्या, म्हणजे आडवी लाकडे, कड्यांवर किलचण, म्हणजे लाकडाच्या बारीक काटक्या, त्यावर कडुलिंबाचा पाला आणि सर्वांत वर मातीचा जाड थर. दहा वर्षांपूर्वी चुलतभावाने आपल्या वाट्याच्या दोन खणांवरचे, म्हणजे तुळयांमधल्या दोन भागांवरचे, धाबे उतरवून सिमेंटचा स्लॅब टाकला. मी तेव्हाही विरोध केला होता. माती गळते, स्लॅब कायमचा, असे त्याचे म्हणणे.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात पुण्याचे एक कुटुंब तीन रात्रींसाठी आले. स्वच्छ फरशी आणि पंखा पाहून त्यांनी स्लॅबखालचीच खोली पसंत केली. पारा पंचेचाळीसच्या घरात होता. रात्री एकच्या सुमारास त्या बाई आपल्या लहान मुलाला खांद्यावर घेऊन ओसरीवर येरझाऱ्या घालताना मला दिसल्या. मी भिंतीला हात लावला, तर ती तव्यासारखी गरम होती. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते खोलीत सोडतो. मातीच्या जाड थरातून मात्र ऊन आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि तोवर दारे उघडायची वेळ झालेली असते. आम्ही त्यांची अंथरुणे मातीच्या धाब्याखालच्या मधल्या खणात हलवली. ते मूल सकाळी आठ वाजेपर्यंत झोपले होते. चुलतभाऊ त्या वेळी अंगणातच उभा होता. तो काही बोलला नाही.

हेही सांगितले पाहिजे की तिसऱ्या रात्री अवकाळी पाऊस आला आणि त्या पाहुण्यांच्या बॅगेवर धाबे गळले. त्यात मातीचा दोष नव्हता. दरवर्षी पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती पसरावी लागते, ती भिजली की घट्ट बसते आणि पाणी पन्हाळीतून निघून जाते. त्या वर्षी चुलतभावाने आपल्या हिश्श्याचे पैसे दिले नाहीत आणि मीही हट्टाने काम थांबवून ठेवले, ही माझी चूक.

जागेविषयी : सातपुड्यात पाल आणि तोरणमाळ येथे विश्रामगृहे आहेत, आरक्षण आधी करावे. धुळ्याजवळ लळिंगच्या कुरणातील लांडोर बंगला अवश्य पाहावा. १९३७ साली न्यायालयाच्या कामासाठी धुळ्यास आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे उतरले होते, आणि दर ३१ जुलैला तेथे लोकांची गर्दी लोटते. चाळीसगावकडे गेलात तर पाटणादेवीचे देऊळ चुकवू नये.

वाड्यात राहायला आलात तर सकाळी नऊनंतर दारे-खिडक्या बंद ठेवा आणि सूर्य मावळल्यावर सताड उघडा. शहरातील बहुतेक पाहुणे याच्या नेमके उलट करतात. जिना उभा असतो, चौकटी ठेंगण्या असतात, शौचालय बहुधा परसात असते आणि चपला झटकूनच घालाव्यात, म्हणून वृद्ध माणसे बरोबर असतील तर नीट विचार करा.

जागा ठरवण्यापूर्वी मालकाला यंदा धाब्यावर खारी टाकली का, एवढे जरूर विचारा. आमच्याकडे या वर्षी आखाजीपूर्वीच, म्हणजे अक्षय्य तृतीयेपूर्वीच, दोन ट्रॉल्या टाकून झाल्या. चुलतभावाचा हिस्सा मीच भरला.