कॅसेटमधलं नाटक : व्हीसीडीवर उतरवावं की डीव्हीडीवर? (व्हीसीडी-डीव्हीडीच्या काळातली प्रश्नोत्तरं)

प्रश्न : आमच्या गावच्या मंडईत (जत्रेत) गावातलेच लोक नाटक करत. आमचे बाबा त्यात खलनायकाचं काम करायचे. एका वर्षीचं पूर्ण नाटक व्हिडिओवाल्याकडून काढून घेतलं होतं, त्याच्या ई-180 च्या (तीन तासांच्या) दोन कॅसेट घरी आहेत. आता त्या डिस्कवर उतरवायच्या आहेत, शिवाय घरची लग्नं-बारशीही पुढे रेकॉर्ड करायची आहेत. दुकानदाराने व्हीसीडी रेकॉर्डर आणि डीव्हीडी रेकॉर्डर दोन्ही दाखवले. डीव्हीडीवाला बराच महाग आहे. दुकानदार म्हणतो, कॅसेटचं चित्रच व्हीसीडीसारखं असतं, मग जास्त पैसे कशाला घालता? गावात बहुतेकांकडे व्हीसीडी प्लेअरच आहे. काय घ्यावं?
— एक वाचक, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : भाऊ, डीव्हीडी रेकॉर्डर घ्या. आत्ता पैसे कमी पडत असतील तर धान विकेपर्यंत थांबा, पण व्हीसीडी रेकॉर्डरमध्ये पैसा घालू नका.

दुकानदाराचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणून नीट सांगतो. व्हीसीडीचं प्रमाण 1993 मध्ये ठरलं. आपल्याकडच्या टीव्हीच्या ‘पाल’ पद्धतीत तिचं चित्र 352 बाय 288 ठिपक्यांचं असतं. व्हीएचएस, म्हणजे तुमच्याकडे आहे तसल्या कॅसेटची आडवी बारकाई 240 रेषांच्या आसपास, म्हणजे रुंदीपुरतं व्हीसीडीत काही कमी पडत नाही. इथवर त्याचं बरोबर आहे. पण उंचीचं काय? आपल्या टीव्हीवर दिसणाऱ्या रेषा 576. त्या एकदम येत नाहीत. आधी एकाआड एक अर्ध्या येतात, मग उरलेल्या अर्ध्या. अशी सेकंदाला 50 अर्धी चित्रं. कॅसेट ही पन्नासही जपून ठेवते. व्हीसीडीत 288 रेषांचीच जागा आहे आणि सेकंदाला 25 चित्रं, म्हणजे निम्मा माल उतरवतानाच बाहेर जातो. माणूस खुर्चीत बसून बोलत असेल तर ते फारसं कळत नाही. नाच सुरू झाला, तलवार फिरली, की लगेच कळतं.

वडशाला (जि. गडचिरोली) माझं दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे नाटकाच्या कॅसेट माझ्याकडे नेहमी येतात. माझा थोरला भाऊ दंडारीत, म्हणजे आपल्याकडच्या लोकनाट्यात नाचायचा, लुगडं नेसून. त्याचं एकच चित्रण आमच्याकडे आहे आणि ते मी दोन्ही प्रकारे उतरवून पाहिलं. डीव्हीडीवर त्याच्या पायातले चाळ हलताना दिसतात. व्हीसीडीवर पायाच्या जागी नुसती धुसर पट्टी दिसते.

दुसरी अडचण मुंग्यांची, म्हणजे चित्रात वळवळणाऱ्या बारीक ठिपक्यांची. रात्रीच्या मंडपात हॅलोजनच्या उजेडात काढलेल्या चित्रात मुंग्या फार असतात. व्हीसीडीला चित्रासाठी सेकंदाला 1150 किलोबिट माहितीची जागा मिळते, त्याच्या वर एक नाही. यंत्राला मुंगी आणि माणूस यांतला फरक कळत नाही. अर्धे बिट मुंग्यांवर खर्च होतात आणि बाबांच्या चेहऱ्यावर चौकोन उठतात. डीव्हीडीचं चित्र 720 बाय 576 चं आणि चित्रासाठी सेकंदाला 9.8 मेगाबिटपर्यंत जागा, तीही गरजेप्रमाणे कमी-जास्त होते. आवाजात मात्र व्हीसीडी कमी नाही. ऑर्गन-तबला तीवरही चांगला ऐकू येतो.

आता वेळेचं बघा. आपलं नाटक रात्री दहाला उभं राहतं आणि उजाडता संपतं. तुमच्या दोन कॅसेट म्हणजे जास्तीत जास्त सहा तास. व्हीसीडीवर 74 मिनिटं बसतात, मोठ्या सीडीवर 80. पाच सीडी लागतील आणि त्या भर प्रवेशात तुटतील. 4.7 जीबीच्या साध्या डीव्हीडीवर रेकॉर्डर एक, दोन, चार किंवा सहा तास बसवू शकतो. दुकानात ‘सहा तास’ हे मोठ्या अभिमानाने सांगतात, पण त्या वेगात बहुतेक मशीन चित्र पुन्हा 352 बाय 288 वर आणतात, म्हणजे डीव्हीडीच्या पैशात व्हीसीडी. तुम्ही दोन तासांचा वेग धरा आणि जमेल तिथे अंक संपताना डिस्क बदला. चार तासांचा वेग व्हीएचएससाठी अगदीच वाईट नाही, कारण बहुतेक मशीन त्यात रुंदी निम्मी करतात पण 576 रेषा ठेवतात. लांबलचक लग्नाला तो चालेल. बाबांच्या नाटकाला नको.

गावातल्या व्हीसीडी प्लेअरचं तुम्ही लिहिलं ते महत्त्वाचं आहे. त्या प्लेअरचा लेझर डीव्हीडी वाचूच शकत नाही, तिच्या खुणा फार बारीक असतात. म्हणून मूळ डीव्हीडीवर ठेवा आणि वाटायच्या प्रती तालुक्याच्या कॉम्प्युटर सेंटरमधून व्हीसीडी करून घ्या. धानाचे पोहे केव्हाही करता येतात, पोह्यांचं धान होत नाही. आज व्हीसीडी केली आणि पाच वर्षांनी घरोघरी डीव्हीडी प्लेअर आले, तरी गेलेल्या रेषा परत येणार नाहीत. आणि डीव्हीडी प्लेअरवर तुमच्या जुन्या व्हीसीडी सहसा चालतातच.

उतरवण्याआधी कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षं पडून राहिलेली फीत चिकटलेली असते. कॅसेटच्या खिडकीतून पाहताना फितीवर पांढरी बुरशी दिसली तर व्हीसीआरमध्ये घालू नका, आधी साफ करून घ्या, नाहीतर फीत वाचणारं हेड भरेल. पिवळी वायर चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. जुन्या व्हीसीआरला आवाजाचं एकच भोक असेल तर दोन तोंडांची जोडवायर घ्या, म्हणजे आवाज दोन्ही बाजूंना येईल.

लाईनचं, म्हणजे विजेचं गणित आधी मांडा. रेकॉर्डिंग चालू असताना लाईन गेली तर तेवढा भाग जाऊ शकतो. पण शेवटी डिस्क ‘फायनलाइझ’ करताना, म्हणजे इतर प्लेअरवर चालावी म्हणून पक्की बंद करताना गेली तर अख्खी डिस्क वाया जाऊ शकते. भारनियमनाचं वेळापत्रक पाहून दोन तास रेकॉर्डिंग आणि वर अर्धा तास मोकळा ठेवा. लाईन आल्या आल्या मशीन लावू नका, व्होल्टेज स्थिर होऊ द्या. स्टॅबिलायझर हवाच.

कोरी डिस्क घेताना मशीनवर काय लिहिलं आहे ते बघा : ‘मायनस आर’ (DVD-R) की ‘प्लस आर’ (DVD+R). दोन्ही चालत असतील तर मायनस आर घ्या, जुन्या प्लेअरवर तीच जास्त चालते. प्रत्येक भागाच्या दोन प्रती करा आणि एक बहिणीच्या किंवा काकांच्या घरी ठेवा. टिनाच्या छपराखाली, टीव्हीवर किंवा खिडकीत डिस्क ठेवू नका. आपल्याकडचा मे महिना त्यांना सोसत नाही. वाटायच्या सीडीवर बॉलपेनने नाव लिहू नका. सीडीची चमकती परत छापील बाजूला, पातळ लेपाखालीच असते, टोचली की डाटा गेला.

आणि भाऊ, कॅसेट फेकू नका, पुसूही नका. वडशाच्या नाटक कंपन्यांची नाटकं हंगामभर गावोगाव होतात, त्यांच्या जाहिराती छापतात. गावच्या हौशी मंडळींचं नाटक मात्र एक रात्र उभं राहतं आणि संपतं. त्या रात्री कोण कोणतं काम करत होतं, कुणाचा आवाज कसा होता, हे तुमच्या दोन कॅसेटशिवाय कुठेच नाही. त्या नाटकातली जी माणसं आज हयात आहेत त्यांना बोलावून पहिल्या डिस्कसोबत नावांची यादी लिहून घ्या, बाबांना ती सांगता येते आहे तोवर.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. छत्रीवरून (डिश अँटेनावरून) सह्याद्री वाहिनीचे शेतीचे कार्यक्रम डीव्हीडीवर घेऊन बचत गटाच्या बायांना दाखवते. दर वेळी नवी डिस्क लागते आणि गटाच्या डीव्हीडी प्लेअरवर कधी कधी ‘नो डिस्क’ येतं.
— एक वाचक, ता. सेलू, जि. वर्धा

उत्तर : ताई, पुसून पुन्हा वापरायची ‘आरडब्ल्यू’ डिस्क घ्या, ती सुमारे हजार वेळा लिहिता येते. ‘नो डिस्क’ बहुतेक फायनलाइझ न केल्यामुळे येतं; रेकॉर्डरच्या मेनूत ते करा. तरी आलं, तर गटाचा प्लेअर आरडब्ल्यू वाचत नसेल. तिची चमक साध्या डिस्कपेक्षा कमी असते. अशा वेळी साध्या आर डिस्कला पर्याय नाही. शाळेत असताना टायमर लावत असाल तर छत्रीचा डबा सह्याद्रीवर लावून चालूच ठेवून जा. डब्याची वाहिनी रेकॉर्डर बदलत नाही, डब्यात जे लागलेलं असेल तेच रेकॉर्ड होतं.