लर्निंग डिसॅबिलिटी नर्सिंगची पदवी: अर्ज भरण्याआधी घरात बोलून घ्यायच्या गोष्टी

ए लेव्हलला (इथल्या अकरावी-बारावीला) असलेली मुलगी ‘मला लर्निंग डिसॅबिलिटी नर्सिंग करायचंय’ म्हणाली, की इंग्लंडमधल्या मराठी घरात पहिली गल्लत शब्दापाशीच होते. भारतात लर्निंग डिसॅबिलिटी म्हणजे डिस्लेक्सिया: वाचताना अडखळणारं, पण एरवी चुणचुणीत मूल. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग कायद्यातही ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ याच अर्थाने येते. ब्रिटनमध्ये डिस्लेक्सियाला लर्निंग डिफिकल्टी म्हणतात, आणि लर्निंग डिसॅबिलिटी म्हणजे बौद्धिक दिव्यांगत्व. नवी माहिती समजणं, नवं कौशल्य शिकणं आणि स्वतःचं स्वतः निभावणं लहानपणापासून अवघड जाणं, असा त्याचा अर्थ. हा फरक नीट न कळल्यामुळे अर्जातल्या निवेदनात डिस्लेक्सियाबद्दल लिहिणारे विद्यार्थी असतात, आणि त्यांचा अर्ज तिथेच मागे पडतो. ‘मतिमंद’ हा शब्दही घरातल्या बोलण्यातून आता काढून टाका.

दुसरा प्रश्न आजी-आजोबांचा असतो. ‘सांभाळायचंच आहे ना, त्याला डिग्री कशाला?’ याचं उत्तर एका उदाहरणातून देता येतं. चाळिशीचा एक माणूस आहे. तो बोलत नाही, निवासी घरात राहतो. गेले चार दिवस तो उजव्या कानावर बुक्क्या मारतोय, जेवणाचं ताट ढकलून देतोय. ‘हे त्याचं नेहमीचंच आहे’ असं म्हणून सोडून देणं सगळ्यात सोपं, आणि सगळ्यात घातकही. आजाराची लक्षणं दिव्यांगत्वाच्या खात्यावर टाकण्याच्या या सवयीला डायग्नॉस्टिक ओव्हरशॅडोइंग म्हणतात. या शाखेची नर्स आधी कान बघायला लावते, मग दाढा. शेवटचं शौच कधी झालं आणि कसं, हे ब्रिस्टल स्टूल चार्टवर तपासते. फिटच्या गोळीचा डोस नुकताच बदललाय का, हे बघते. मारण्याच्या प्रत्येक प्रसंगाआधी काय घडलं, नेमकं काय केलं आणि नंतर काय झालं, याची तीन रकान्यांत नोंद ठेवते. आठवड्याभरात त्यातून आकृती उमटते: मारणं जेवणाच्या वेळी वाढतंय, म्हणजे चावताना दुखतंय. असा माणूस दातांच्या डॉक्टरकडे गेला पाहिजे, झोपेच्या गोळीकडे नव्हे. विनाकारण दिल्या जाणाऱ्या मानसोपचाराच्या गोळ्या कमी करण्यासाठी इंग्लंडमध्ये २०१६ पासून स्टॉम्प नावाची मोहीम चालू आहे, तीही याच कारणाने.

ही बारीक नजर नसली की काय होतं, ते इंग्लंडने पाहिलं आहे. ऑलिव्हर मॅकगोवन हा १८ वर्षांचा मुलगा नोव्हेंबर २०१६ मध्ये गेला. मानसोपचाराच्या औषधांचा आपल्याला त्रास होतो, हे त्याने आणि घरच्यांनी सांगूनही त्याला तसलंच औषध दिलं गेलं होतं. त्याच्या आईच्या पाठपुराव्यामुळे आता आरोग्य आणि काळजी क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांना त्याच्या नावाचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. बौद्धिक दिव्यांग माणसं इथे इतरांपेक्षा सरासरी सुमारे वीस वर्षं आधी मरतात. न्यूमोनिया, फिट, दुर्लक्षित बद्धकोष्ठता अशा टाळता येण्याजोग्या कारणांचा त्यात मोठा वाटा असतो. आजी-आजोबांना हे सांगा. ‘सांभाळणं’ हा शब्द या कामाला पुरत नाही.

ब्रिटनमधल्या नर्सची नोंदणी करणाऱ्या नर्सिंग अँड मिडवायफरी काउन्सिलकडे नर्सिंगच्या चार शाखा आहेत: प्रौढ, बाल, मानसिक आरोग्य आणि ही. काउन्सिलच्या आठ लाखांवर नावांच्या नोंदवहीत या शाखेच्या नर्स वीस हजारही नाहीत, त्यामुळे नोकरीची चणचण नाही. अडचण उलटीच आहे. विद्यार्थी कमी म्हणून काही विद्यापीठांनी हा अभ्यासक्रम बंद केला, आणि जवळचं विद्यापीठ दीड तासावर निघू शकतं. नकाशा आधी उघडा, प्रॉस्पेक्टस नंतर.

पदवी बहुतेक ठिकाणी तीन वर्षांची असते आणि एकूण ४,६०० तास भरावे लागतात. अर्धे वर्गातले, अर्धे प्लेसमेंटचे, म्हणजे प्रत्यक्ष कामाचे. प्रत्यक्षाच्या २,३०० तासांपैकी जास्तीत जास्त ६०० तास सिम्युलेशनमध्ये, म्हणजे सरावाच्या खोलीत, चालू शकतात. उरलेले माणसांसोबतच: समुदायातली टीम, विशेष शाळा, तात्पुरत्या विसाव्याचं केंद्र, मोठ्या रुग्णालयातली लायझन नर्स (बौद्धिक दिव्यांग रुग्ण आणि तिथले डॉक्टर यांच्यातला दुवा), कधी तुरुंगसुद्धा. आठवड्याला साधारण साडेसदतीस तास, त्यात रात्रपाळ्या आणि शनिवार-रविवार. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. सुट्टी, आजारपण, भारतातलं लग्न, गणपतीसाठी काढलेला आठवडा, हे सगळे तास भरून द्यावेच लागतात. तास अपुरे राहिले तर बाकी सगळं पास असूनही काउन्सिलकडे नोंदणी होत नाही. प्रॅक्टिस असेसमेंट डॉक्युमेंटवरच्या, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या मूल्यमापनाच्या नोंदीवरच्या, सह्या प्लेसमेंटच्या शेवटच्या दिवसावर ढकलल्या, की सही करणारी नर्स नेमकी त्या दिवशी रजेवर असते. सह्या दर आठवड्याला घ्यायच्या. रात्रपाळीहून आलेल्या मुलीला दुपारी पाहुण्यांसाठी उठवायचं नाही, हेही घरात आधीच ठरवा.

गणिताला घाबरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. औषधांच्या हिशेबाची परीक्षा पदवीपूर्वी १०० टक्के गुणांनी पास व्हावी लागते. ९८ म्हणजे नापास. प्रश्न मात्र असे असतात: सोडियम व्हॅल्प्रोएट द्रवात ५ मिलीमध्ये २०० मिलिग्रॅम आहे, द्यायचंय ३०० मिलिग्रॅम, तर किती मिली? ३०० भागिले २००, गुणिले ५, उत्तर साडेसात मिली. इथे शाळेच्या गणितापेक्षा दशांशचिन्हच जास्त फसवतं. पहिल्या वर्षापासून रोज पाच गणितं सोडवली, तर तिसऱ्या वर्षी धास्ती राहत नाही.

आता पैसे. इंग्लंडमध्ये होम फी, म्हणजे इथल्या रहिवाशांची फी, २०२५-२६ ला वर्षाला ९,५३५ पौंड आहे, त्यासाठी स्टुडंट फायनान्सचं कर्ज मिळतं. शिवाय एनएचएस लर्निंग सपोर्ट फंडातून वर्षाला ५,००० पौंड, या शाखेत विद्यार्थी कमी म्हणून आणखी १,००० पौंड, आणि लहान मुलं अवलंबून असतील तर २,००० पौंड मिळतात. हे परत फेडायचे नाहीत, पण दर वर्षी नव्याने अर्ज करावा लागतो, आपोआप येत नाहीत. प्लेसमेंटच्या जादा प्रवासखर्चासाठी तिकिटं आणि मैलांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम आणि बर्सरी वेगळ्या आहेत, तिथल्या वाचकांनी इंग्लंडचे आकडे धरू नयेत.

या पैशांची गोम निवासाच्या अटीत आहे. साधारणपणे कायम वास्तव्याचा हक्क आणि कोर्स सुरू होण्याआधीची सलग तीन वर्षं ब्रिटनमध्ये नेहमीचं वास्तव्य, दोन्ही लागतं. नवऱ्याच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर डिपेंडंट म्हणून आलेल्या बाईंना शिकायची मुभा असते, पण बहुधा परदेशी विद्यार्थ्याची फी पडते, कर्ज नाही आणि फंडही नाही. ब्रिटिश पासपोर्ट असूनही दुबईहून गेल्याच वर्षी परतलेल्या मुलाचं तसंच होऊ शकतं. आयएलआर (कायम वास्तव्याचा परवाना) वर्षभरावर असेल, तर थांबणं शहाणपणाचं.

भारतातून बीए, बीकॉम करून आलेल्या आणि इथे स्थायिक झालेल्या बायकांसाठी चांगली बातमी आहे. एका पदवीनंतर दुसऱ्या पदवीला एरवी कर्ज मिळत नाही, पण पूर्णवेळ नर्सिंगला सूट आहे. काही विद्यापीठांत पदवीधरांसाठी दोन वर्षांचा एमएस्सीचा मार्गही आहे, त्याला आधी काळजी क्षेत्रात काम केल्याचे तास दाखवावे लागतात. नोकरी करत शिकायचं तर नर्स डिग्री अप्रेंटिसशिप, बहुधा चार वर्षांची: पगार मिळतो, फी लागत नाही.

कागदपत्रांत मराठी माणूस हमखास अडकतो तो नावावरून. एसएससीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मधे वडिलांचं नाव, आणि तेही माहेरचं. पासपोर्टवर सासरचं, कधी पहिलं नावही बदललेलं. डीबीएस तपासणीत (गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी) आजवरची सगळी नावं द्यावी लागतात. विवाहाचा दाखला आणि गॅझेट जवळ ठेवा. गेल्या काही वर्षांत भारतात राहिला असाल, तर पोलिसांचा दाखलाही मागतात, त्याला आठवडे लागतात. दहावीचं इंग्रजी आणि गणित जीसीएसईच्या (इथल्या दहावीच्या) बरोबरीचं धरायचं की नाही, हे प्रत्येक विद्यापीठ आपापलं ठरवतं. अर्जाआधी ईमेल करून लेखी उत्तर घ्या. नकार आला तर त्याऐवजी फंक्शनल स्किल्स लेव्हल २ ही इथली परीक्षा चालते का, तेही त्याच ईमेलमध्ये विचारा.

आरोग्य तपासणीत लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड सापडत नाही, ही नेहमीची रड. गोवर, रुबेला, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बीसाठी रक्ततपासणी होते, कमी असेल ती लस देतात. बीसीजी घेतलेल्यांची टीबीची त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून घाबरू नका. आयजीआरए या रक्तचाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही.

विद्यापीठ प्रवेशाचे अर्ज घेणाऱ्या यूकासची मुदत जानेवारीच्या मध्यावर संपते. २०२६ च्या प्रवेशापासून निवेदन तीन प्रश्नांत विभागलं आहे, एकूण ४,००० अक्षरं. त्यात ‘मला सेवा करायला आवडते’ हे सगळेच लिहितात. त्यापेक्षा सपोर्ट वर्कर म्हणून सहा-आठ शनिवार काम करा आणि तिथली एक गोष्ट बारकाईने लिहा. एखादा माणूस ‘नाही’ कसं सांगतो? शब्दाने, मान फिरवून, की हात झटकून? सुट्टीत मुंबईच्या जय वकील किंवा पुण्याच्या कामायनीसारख्या संस्थेत आठवडे काढले असतील, तर तेही लिहा, पत्र घेऊन या.

आपल्या मुलांना या अभ्यासात एक गोष्ट सगळ्यात जड जाते, आणि तिची मुळं घरात आहेत. आपल्याकडे मूल पंचविशीचं झालं तरी आई-बाबा ठरवतात. दिव्यांग असलं तर साठीपर्यंत. इथे मेंटल कपॅसिटी ॲक्ट, २००५ नुसार १६ वर्षांवरच्या प्रत्येकाला निर्णय घेता येतो, असं धरूनच सुरुवात करायची. त्याला समजेल अशा चित्रांत, मकाटन या पद्धतीतल्या हातांच्या खुणांत, सोप्या वाक्यांत सांगायचं, आणि शहाणपणाचा नसलेला निर्णयही घेऊ द्यायचा. मधुमेह असलेल्या माणसाला केक हवा असेल, तर नर्सने तो हिसकावायचा नाही. ‘मी तुझ्या भल्यासाठीच सांगते’ हे वाक्य प्लेसमेंटवर चालत नाही.

शाकाहारी घरातल्या मुलांनीही विचार करून ठेवावा. रुग्णाला चिकन किंवा बीफ भरवायची वेळ येते, कारण ताट त्याचं असतं. हातात बांगड्या चालत नाहीत. मंगळसूत्र, लांब कानातलं, ओढणी ओढली जाऊन इजा होऊ शकते, तेव्हा ती घरी ठेवायची. समुदायातल्या प्लेसमेंटला गाडी फार उपयोगी पडते. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालतं.

पुढचा विचार करताना एक धोका मोकळेपणाने बोला. नोंदणीची वेगळी शाखा म्हणून हे शिक्षण ब्रिटन आणि आयर्लंडमध्येच आहे. अमेरिकेत नर्सला सर्वसाधारण शिक्षण लागतं, प्रसूती आणि बालरोगासकट, आणि भारतातही अशी वेगळी शाखा नाही. पाच वर्षांनी कॅलिफोर्निया किंवा पुण्याला जायचं घाटत असेल, तर प्रौढ नर्सिंगचा विचार करा, आणि ते तिथे चालेल का, हे आधी विचारून घ्या. इथेच राहायचं असेल, तर सुरुवात एनएचएसच्या बँड ५ या पगारश्रेणीवर, २०२५-२६ ला इंग्लंडमध्ये ३१,०४९ पौंडांवर, आणि नर्स कमी असल्यामुळे बँड ६ ची जागा तुलनेने लवकर हाती येते.

ओपन डेला जाल तेव्हा इमारत बघण्यात वेळ घालवू नका. तीनच प्रश्न विचारा: या शाखेचे पहिल्या वर्षाला किती विद्यार्थी आहेत, शिकवणाऱ्यांपैकी किती जण स्वतः या शाखेचे नोंदणीकृत आहेत, आणि बौद्धिक दिव्यांग माणसं स्वतः वर्गात येऊन शिकवतात का. तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’ म्हणाले, तर महिन्यातून किती वेळा, तेही विचारा.