यादी असूनही पिशवी का फुगते?

प्रश्न : ताई, दर महिन्याला किराण्याची यादी करूनच जाते, तरी दोन गोष्टी विसरतात, चार जास्तीच्या येतात आणि पुन्हा फेरी मारावी लागते ती वेगळीच. काय चुकतंय?

उत्तर : अगं, निघताना दारात उभं राहून घाईघाईत यादी केली की असंच होणार. कागद फ्रिजवर लावून ठेव, पेन तिथंच दोरीला बांध (नाहीतर ते मुलं पळवतात, अनुभव आहे) आणि डबा रिकामा झाल्यावर नाही, शेवटचं पाकीट फोडलं की तेव्हाच लिहायचं. नुसतं ‘तेल’ लिहू नकोस, ‘तेल 1 लिटर’ लिही, कारण आकडा नसला की दुकानात हात मोठ्या बाटलीकडेच जातो. मोठं पाकीट स्वस्तच असतं असंही काही नाही हं, किमतीला ग्रॅममधल्या वजनानं भागून 100 नं गुणायचं आणि 100 ग्रॅमला किती पडतं ते मोबाईलवर बघायचं, कधीकधी दोन छोटी पाकिटं घेतलेली परवडतात. आणि वजन नीट वाच, पाकीट दिसायला तेवढंच, किंमतही तीच पण आत माल कमी, हे सर्रास चालतं.

वेळ वाचवायचा तर दुकानात ज्या क्रमानं फिरतेस त्याच क्रमानं यादी लिही, साबण-पावडर एकीकडे, धान्य एकीकडे, भाजी-दूध शेवटी. निघण्याआधी फळीचा एक फोटो काढ, म्हणजे ‘मीठ आहे का गं घरी?’ असा फोन करावा लागत नाही. आणि पोटात काहीतरी टाकून जा बाई, उपाशी गेलं की सगळंच हवंसं वाटतं.