मेंटॉरसोबतची भेट 'सगळं ठीक आहे सर' यावरच संपते. काय करावं?

प्रश्न असा आहे: पवईतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत सहा महिन्यांपूर्वी लागलो. कंपनीने मेंटॉर नेमून दिलाय. दर पंधरा दिवसांनी शुक्रवारी संध्याकाळी भेटतो. ते विचारतात, 'कसं चाललंय?' मी म्हणतो, 'ठीक आहे सर.' मग थोडं इकडचं-तिकडचं बोलून उठतो. ही भेट कामाची कशी होईल? की मेंटॉर बदलून मागू?

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, २२ वर्षं मुंबईतच काम करतेय. तुमचं क्षेत्र वेगळं आहे. पण हेच 'ठीक आहे सर' मीही म्हटलंय आणि त्यातून काय होऊ शकतं ते पाहिलंय, म्हणून लिहितेय.

नोकरीचं पहिलं वर्ष होतं. दादरच्या एका लहान फर्ममध्ये होते आणि प्रभादेवीला एका इमारतीचं काम चालू होतं. बाल्कनीच्या स्लॅबला एकाच बाजूने आधार असतो, त्यामुळे ओढ वरच्या अंगाला बसते आणि मुख्य सळया वर ठेवाव्या लागतात. सळया आदल्या दिवशी मीच तपासल्या होत्या, सगळं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी काँक्रीट ओतताना मजूर घमेली घेऊन त्याच सळयांवरून ये-जा करत होते. सळया खाली दबत होत्या, त्यांना उचलून धरणाऱ्या चेअर दोन-तीन ठिकाणी आडव्या पडल्या होत्या. सुपरवायझरला सांगितलं तर तो म्हणाला, 'काही नाही होत मॅडम, नेहमीचंच आहे.' मी गप्प बसले.

त्या शनिवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. 'साइटवर सगळं ठीक ना?' मी म्हटलं, 'हो सर.'

आठ दिवस झोप नाही. १५० मिमी जाडीच्या स्लॅबमध्ये वरची सळई ४० मिमी खाली गेली, तर त्याची ताकद साधारण एक तृतीयांश घटते. हे गणित मला येत होतं. येत नव्हतं ते साहेबांसमोर जाऊन बोलणं. शेवटी सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी समोर कागद ठेवला आणि म्हणाले, 'तिथे उभी होतीस तेव्हा काय काय दिसलं? पहिल्यापासून सांग, आणि काढून दाखव.' काँक्रीटच्या आत सळई किती खोल आहे ते दाखवणारं कव्हर मीटर लावून बघितलं, दोन बाल्कन्या तोडून परत कराव्या लागल्या. खालचे टेकू अजून काढले नव्हते म्हणून कुणाला इजा झाली नाही.

त्यानंतर 'सगळं ठीक ना' हा प्रश्न त्यांनी मला परत कधीच विचारला नाही. ते विचारायचे, 'या आठवड्यात कुठे अडलीस?' आणि आम्ही केबिनऐवजी ड्रॉइंगच्या टेबलाशी बसायला लागलो. आता मी स्वतः नव्या मुलांना शिकवते. भेटीतून काही निघायचं असेल तर दोघांच्या मध्ये एखादी वस्तू हवी, असं माझं ठाम मत झालंय. आमच्याकडे ड्रॉइंग असतं. तुमच्याकडे कोडचा एखादा तुकडा असेल, किंवा तुम्ही लिहिलेली आणि रद्द झालेली एखादी मांडणी. माणूस माणसाकडे बघत बसला की 'कसं चाललंय' होतं. दोघं मिळून एका कागदाकडे बघायला लागले की बोलणं आपोआप पुढे सरकतं.

आणि त्या कागदावर तुमचं स्वतःचं उत्तर असलं पाहिजे, चुकलेलं असलं तरी चालेल. कोरा प्रश्न नेऊ नका. काही वर्षांपूर्वी वरळीला समुद्रासमोरच्या एका इमारतीचं काम आलं होतं. माझ्याकडचा एक मुलगा तेव्हा नवीन होता. त्याने विचारलं, 'मॅडम, कव्हर किती ठेवायचं?' कव्हर म्हणजे सळईच्या बाहेरचा काँक्रीटचा थर. मुंबईच्या खाऱ्या हवेत तो कमी पडला की मीठ आत शिरतं, सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. जुन्या इमारतींच्या छज्जांना सुटलेले पोपडे तुम्ही पाहिले असतील, ते बऱ्याचदा यामुळेच. मी एका शब्दात उत्तर दिलं असतं तर तो आकडा घेऊन गेला असता आणि पुढच्या कामाला परत तेच विचारायला आला असता. मी म्हटलं, 'तू काय धरलं असतंस ते लिहून आण.'

दोन दिवसांनी तो आला. आयएस ४५६ : २००० या काँक्रीटच्या भारतीय मानकात हवापाणी किती त्रासदायक आहे त्यावरून वर्ग पाडलेत. त्यातून त्याने समुद्रकाठच्या हवेसाठी 'सीव्हिअर' वर्ग धरला होता, म्हणजे ४५ मिमी. काँक्रीट एम४० होतं (एमपुढचा आकडा मोठा तेवढं काँक्रीट मजबूत) आणि एम३५ किंवा त्यावरच्या काँक्रीटला ५ मिमी कमी करायची मुभा आहे, म्हणून ४०. इथवर बरोबर होतं. मग थोडा घुटमळून म्हणाला, 'मॅडम, एक शंका होती. पावसाळ्यात भरतीला समोरच्या बाजूवर लाटांचे तुषार उडत असतील, तर तेवढा भाग "व्हेरी सीव्हिअर" धरायला नको का?' त्या वर्गाला मुळात ५० मिमी लागतं, तीच मुभा धरली तर ४५. मी त्या नजरेने बघितलंच नव्हतं. पुढच्या मोठ्या भरतीला आम्ही दोघं तिथे जाऊन उभे राहिलो, आणि समोरच्या खालच्या मजल्यांचं कव्हर बदललं. माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवाने जे सुचलं नाही ते त्याच्या कागदाने दाखवलं.

हे 'एक शंका होती' लक्षात ठेवा. आपल्याकडे मोठ्यांना 'तुमचं चुकतंय' असं तोंडावर म्हणत नाहीत. म्हणून 'शंका होती', 'सहज विचारतो', 'माझंच समजण्यात काही राहिलं असेल' असं म्हणतात. मी आता हे शब्द ऐकले की हातातलं काम बाजूला ठेवते, कारण खरा मुद्दा बहुतेक वेळा त्याच्याच मागे असतो. तुमच्या मेंटॉरना ते ऐकू येत नसेल, तर शंका थोडी उघड करा: 'सर, तुम्ही म्हणालात तसं केलं तर अमुक ठिकाणी अडेल असं मला वाटतं, कारण हे.' 'कारण' सांगितलं की उद्धटपणा राहत नाही.

भाषेचंही बघा. लातूर-नांदेडकडची हुशार मुलं इंग्रजीत विचारलं की एका वाक्यात उत्तर संपवतात. 'मराठीत सांग रे' म्हटलं की तीच मुलं पंधरा मिनिटं फळ्यापाशी उभी राहून समजावतात. तुमच्या मेंटॉरना मराठी येत असेल तर अडलेल्या जागी खुशाल मराठीत बोला.

आता वेळेचं. शुक्रवार संध्याकाळ पहिल्यांदा बदला. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या एका मुलीला बदलापूर लोकल गाठायची असायची. संध्याकाळच्या भेटीत तिचं निम्मं लक्ष घड्याळाकडे असे, आणि मला वाटे हिला कामात रस नाही. भेट सकाळी साडेदहाला, चहाबरोबर ठेवली, तेव्हा कळलं की तिच्याकडे विचारण्यासारखं केवढं साचलं होतं. चूक माझी होती.

काही लोक म्हणतील, जुने गुरू कुठे एवढं बोलत होते? आचरेकर सरांचं उदाहरण देतील. नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर निरोपाच्या भाषणात सचिननेच सांगितलं की २९ वर्षांत सरांनी त्याला एकदाही 'वेल प्लेड' म्हटलं नाही. खरं आहे. पण शिवाजी पार्कला ते नेटमध्ये स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे. जो बाद करेल त्याला नाणं, आणि सचिन शेवटपर्यंत नाबाद राहिला तर त्याला. मुलाने आज काय केलं ते सर समोर उभे राहून बघत होते, आणि नाणं कुणाच्या खिशात गेलं त्यावरून मुलालाही आपण कुठे आहोत ते कळत होतं. ते मौन रोजच्या सहवासातलं होतं. पंधरा दिवसांतून अर्धा तास भेटणाऱ्या मेंटॉरला तुमचं काम दिसतच नाही, त्यामुळे तिथे दोघांनाही बोलावंच लागतं, आणि चांगलं झालं तर तेही सांगावं लागतं.

मेंटॉर बदलून मागायची घाई करू नका. कदाचित त्यांनाही तुमच्याशी काय बोलावं ते सुचत नसेल. मला तर मी शिकवलेल्या पहिल्या दोन मुलांच्या वेळी अजिबात सुचत नव्हतं. आज त्यांना एवढंच लिहा: 'सर, पुढची भेट सकाळी ठेवता येईल का? मी एका ठिकाणी अडलोय. मी काय करून बघितलं ते आदल्या दिवशी पाठवतो, वीस मिनिटं त्यावरच बोलू.' भेट झाली की काय ठरलं ते दोन ओळींत त्यांना पाठवा, आणि पुढच्या वेळी सुरुवात त्या दोन ओळींपासून करा. सलग तीन भेटी अशा होऊ द्या. तरीही ते तुमचा कागद न वाचताच येत असतील, तर मात्र एचआरकडे जाऊन दुसरा मेंटॉर मागा, संकोच करू नका.