‘समवेता’मधला विसर्ग कुठे गेला?

दारव्हा तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी यंदा बी.ए. झाली, विषय मराठी, इतिहास, राज्यशास्त्र. दहावीपर्यंत संयुक्त संस्कृत होतं आणि आजोबांमुळे गीता तोंडपाठ आहे. मोबाईलवर अमेरिकेतल्या एका संस्थेची ‘हिंदू स्टडीज, ऑनलाइन ग्रॅज्युएट प्रोग्रॅम’ अशी जाहिरात पाहिल्यापासून तिने तेच धरून ठेवलंय. वडील लिहितात, “बाहेरगावी ठेवणं जमत नाही, कापसाचं तुम्हाला माहीतच आहे. पैसे भरून टाकू का?”

रामराम भाऊ,

पैसे आत्ता भरू नका. आपल्याकडे ग्रॅज्युएट म्हणजे बी.ए. झालेला, पण अमेरिकेत ‘ग्रॅज्युएट प्रोग्रॅम’ म्हणजे पदवीच्या पुढचं, आपलं एम.ए. त्यातही एकाच पानावर एम.ए., डिप्लोमा आणि नुसतं प्रमाणपत्र अशी सरमिसळ असते. ऑक्सफर्डच्या हिंदू अध्ययन केंद्राचे ऑनलाइन अभ्यासक्रम चांगले आहेत, पण त्यातून ऑक्सफर्डची पदवी मिळत नाही. परदेशी ऑनलाइन पदवी इथल्या नोकरीला चालेल का, हे लेखी हातात आल्याशिवाय डॉलरमध्ये फी भरणं म्हणजे पाऊस पाहायच्या आधी पेरणी करणं.

आणि इतक्या दूर जायची गरजही नाही. बनारस हिंदू विद्यापीठात 2022 साली हिंदू अध्ययनाचं एम.ए. सुरू झालं. प्राध्यापकीसाठी लागणाऱ्या नेट परीक्षेतही तो आता स्वतंत्र विषय आहे. घरी राहून शिकायचं तर इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आहे. तिथे हिंदू अध्ययन आणि संस्कृत, दोन्हींत एम.ए. करता येतं, दोन वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांपर्यंत लांबवता येतो. सोंगणी-वेचणीच्या दिवसांत हे किती कामाचं आहे ते तुम्हाला सांगायला नको. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणाची वा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. मात्र विद्यापीठ कितीही नावाजलेलं असो, तोच अभ्यासक्रम, त्याच सत्रासाठी, यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, दूरशिक्षण विभागाच्या यादीत आहे का, हे स्वतः पाहा. सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर राहू नका.

प्रवेशाला डेब आयडी, म्हणजे याच दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक लागतो आणि त्यासाठी आधी एबीसी आयडी, म्हणजे विद्यार्थ्याच्या श्रेयांक खात्याचा क्रमांक. इथेच पोरं अडकतात. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, कुठे वडिलांचं नाव गाळलेलं. फॉर्म भरण्यापूर्वी दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा.

आता खरा प्रश्न. हिंदू अध्ययन आणि संस्कृत या दोन वेगळ्या वाटा आहेत. हिंदू अध्ययनात प्रमाणशास्त्र (ज्ञान खरं कशावरून मानायचं याचा विचार), वादपरंपरा, धर्म-कर्मविचार, रामायण-महाभारत असं पुष्कळ काही येतं, पण भाषा शिकवणं हे त्याचं मुख्य काम नाही. माझं मत विचाराल तर मूळ ग्रंथ वाचता न येता या विषयात पुढे जाणारा कायम दुसऱ्याच्या अनुवादावर जगतो. म्हणून मी तिला आधी संस्कृत करायला सांगेन.

पण त्याआधी एक गंमत करा. गीतेची पहिलीच ओळ तिला वहीत लिहायला सांगा: धर्मक्षेत्रे कुरुक्षेत्रे समवेता युयुत्सवः। आता विचारा, ‘समवेता’ म्हणजे ‘जमलेले’, हे अनेकवचन, मग त्याच्या शेवटचा विसर्ग गेला कुठे? पुढे ‘य’ आला म्हणून तो लोपला. ‘युयुत्सवः’ म्हणजे नुसते लढणारे नव्हेत, लढायची इच्छा असलेले. ती इच्छा त्या शब्दाच्या घडणीतच आहे. असे रोज दोन श्लोक, संधी सोडवून, अन्वय लावून (शब्द अर्थाच्या क्रमाने मांडून), पंधरा दिवस. पाठ असणं वेगळं आणि उकलणं वेगळं. यात ती जेवायचं विसरली तर संस्कृत. कंटाळली, पण ‘धर्म म्हणजे नेमकं काय’ यावर आजोबांशी वाद घालत बसली, तर हिंदू अध्ययन घेऊ द्या. माझा हट्ट नाही.

नोकरीचं लपवत नाही. शाळेच्या भरतीत पदवीचा विषय पाहतात आणि तिच्या बी.ए.ला संस्कृत नाही, तिथे अडेल. कनिष्ठ महाविद्यालयासाठी एम.ए. आणि बी.एड. दोन्ही हवं. प्राध्यापकीसाठी नेट किंवा राज्याची सेट परीक्षा. नेटला बसायला एम.ए.ला खुल्या वर्गाला 55 टक्के, राखीवला 50. हिंदू अध्ययनाच्या जागा सध्या फार थोड्या विद्यापीठांत आहेत, संस्कृतच्याही भरपूर नाहीत. पण वाचता येणाऱ्याला पोथ्यांचं काम आहे, आणि आपल्या भागात तर रिद्धपूरला महानुभाव पंथाच्या मराठी पोथ्यांची मोठी परंपरा आहे. तिचा मराठी विषय तिथे वाया जाणार नाही.

रामटेकचं कालिदास संस्कृत विद्यापीठ आपल्याच विदर्भात, 1997 पासून आहे. सवड काढून एक दिवस एसटीने तिला घेऊन जा. गडावरही जाऊन या. कालिदासाच्या ‘मेघदूता’तल्या यक्षाचा रामगिरी तो हाच, असं वा. वि. मिराशींसारखे अभ्यासक मानतात. खाली उतरलात की विभागात बसा, चौकशी करा, आणि बोलणं तिला करू द्या.

पंधरा दिवसांनी तिची ती वही मला पाठवा. चुका खोडू नका म्हणावं, मला चुकाच पाहायच्या आहेत.