शेजारच्या ओट्यावरून बघ

अनेक आशीर्वाद.

वास्तुरचनेच्या पारितोषिकासाठी परीक्षक म्हणून तुला बोलावणं आल्याचं वाचून बरं वाटलं. 'परिसर आणि वारशाचं भान ठेवणारी नवी इमारत' असा गट आहे आणि अकरा प्रवेशिका आल्यात, म्हणतेस. गुणपत्रिकेत 'वारशाशी सुसंगती' असा एक रकाना नक्की असेल. त्या रकान्यानं मला एकदा चांगलंच फसवलंय, म्हणून हे पत्र.

वीसेक वर्षांपूर्वी एका जुन्या पेठेतल्या इमारतीला आम्ही तिघा परीक्षकांनी एकमतानं पहिलं पारितोषिक दिलं. फोटोत महिरपी होत्या, सुरूचे खांब होते, दारावर गणेशपट्टी होती. आम्ही खूश. वर्षभरानं काही कामानं त्या गल्लीत गेलो. महिरपींवर टिचकी मारली तर त्या पोकळ वाजल्या, पण ते सोड. पाडलेल्या वाड्याला रस्त्याच्या कडेनं दगडी ओटा होता. त्या जागी आता लोखंडी शटर होतं आणि गाड्या आत घ्यायचा उतार. समोरच्या घरातल्या आजी म्हणाल्या, "पूर्वी संध्याकाळी तिथं बसायचो, आता इथूनच गाड्यांची तोंडं बघते." वाड्याचं गल्लीशी जे नातं होतं ते त्या ओट्यात होतं. महिरप आम्ही फोटोत बघितली. नकाशात ओटा शोधावा, हे तिघांपैकी एकालाही सुचलं नाही.

म्हणून पहिलं सांगणं: जुन्याची नक्कल दिसली की गुण द्यायला हात लगेच उचलू नकोस.

मग बघायचं काय? त्यासाठी एकदा मुंबईच्या ओव्हल मैदानावर जाऊन मधोमध उभी राहा. पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर. सगळं १८७० च्या दशकातलं, दगडातलं, टोकदार कमानींचं गॉथिक. पश्चिमेला १९३० च्या दशकातली आर्ट डेको घरांची रांग. सिमेंट काँक्रीट, गोलाई दिलेले कोपरे, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे. त्या घरांनी गॉथिकची एक कमानसुद्धा उसनी घेतलेली नाही. तरी २०१८ मध्ये युनेस्कोनं दोन्ही बाजू एकाच जागतिक वारसास्थळात घेतल्या, आसपासच्या धरून एकूण ९४ इमारतींच्या. माझ्या मते त्या एकमेकींना शोभतात, कारण दोन्ही रांगा मैदानाकडे तोंड करून बसल्यात. नव्या घरांनी आपापसांत उंची सांभाळली, पाच-सहा मजल्यांच्या आसपास थांबली, रस्त्याची रेघ मोडली नाही. ८५ मीटरचा टॉवर अजून त्या मैदानाचा धनी आहे.

आता यातली गोम बघ. गॉथिक इमारती बांधल्या तेव्हा त्यांच्यासमोर मैदान आणि त्यापलीकडे समुद्र होता. बॅक बे या खाडीसारख्या समुद्राच्या भागात भरणी झाली, त्या जमिनीवर ही डेको घरं आली आणि न्यायालयाचा समुद्र गेला! एका अर्थी याहून मोठा उद्धटपणा नाही. शिवाय तेव्हा ती गॉथिक रांग जेमतेम साठ वर्षांची होती आणि तिची शैलीही इंग्लंडहून आलेली. दगड तेवढा इथला. नवी इमारत काहीतरी घेणारच. तिनं काय घेतलं आणि बदल्यात काय ठेवलं, हा हिशेब मांडायला शीक. ओव्हलवर समुद्र गेला, पण उघडं मैदान राहिलं, आणि त्याला पश्चिमेकडून एक नीट काठ मिळाला. मला हा सौदा मान्य आहे. तुला नसेल तर तसं लिही, पण हिशेब मांडून लिही.

प्रवेशिकांचे फोटो बहुधा तिन्हीसांजेचे असतील, सगळे दिवे लावून काढलेले. फोटो कुठे कापलाय ते बघ. शेजारची इमारत दिसतच नसेल तर वास्तुरचनाकाराला तिची अडचण झाली असणार. संपूर्ण गल्लीचं दर्शनी रेखाटन मागव, दोन्ही बाजूंची चार-चार घरं दाखवणारं. छेद, म्हणजे इमारत उभी कापल्यासारखं दाखवणारं रेखाटन, तेही मागव. आणि जागेवर जा, भर दुपारी. पावसाळा असेल तर उत्तमच: नव्या इमारतीचं पाणी कुठे जातं, शेजारच्या जुन्या भिंतीला ओल आलीय का, हे कुठल्याही निवेदनात लिहिलेलं नसतं. आधी शेजारच्या घराच्या ओट्यावर बस, तिथून नवी इमारत बघ. आत सगळ्यात शेवटी जा.

"सगळ्या परवानग्या आहेत," असं कुणी सांगेलच. असू देत. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींची प्रतवारी आहे. हे कायद्याचं पालन झालं, त्याचे वेगळे गुण नसतात.

आणि उलटी चूकही करू नकोस. 'नम्र' म्हणून मिरवणाऱ्या कितीतरी इमारती नुसत्या मुक्या असतात. नम्र तरीही बोलकी इमारत बघायची तर पणजीला कांपालला जा, चार्ल्स कोरियांची कला अकादमी बघ. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती पुरी झाली. मांडवीच्या काठी एवढं मोठं नाट्यगृह, पण इमारत बैठी. उंच होऊन ती नदी अडवत नाही. रस्त्यावरून चालत आलेला माणूस तिकीट न काढता मांडवाखालून थेट नदीपर्यंत जातो. गोव्याच्या घराच्या दारात बाल्कांव असतो ना, ना धड आत ना धड बाहेर, तीच जागा इथे अख्ख्या गावासाठी मोठी केलीय असं मला वाटतं. कौलांची नक्कल नाही, पोर्तुगीज खिडक्या नाहीत. विनोद हवा तर तो आत आहे: व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी भिंतींवर प्रेक्षकच रंगवलेत.

याच इमारतीच्या खुल्या रंगमंचावरचं छत जुलै २०२३ मध्ये, नूतनीकरण चालू असताना कोसळलं. कालची आधुनिक इमारत आज स्वतःच वारसा होते आणि तिलाही सांभाळावं लागतं. तेव्हा नव्या इमारतीच्या भिंतीवर ओघळ धरेल का, तिची दुरुस्ती गावातल्या गवंड्याला जमेल का, हेही विचार. बैठकीत लोक हसतील. हसू देत.

मतभेद झाले तर एकमतासाठी घाई करू नकोस. आमचं ते एकमत केवढ्याला पडलं ते वर लिहिलंच आहे. अकरांत एकही पटली नाही तर पारितोषिक राखून ठेवायची मुभा नियमावलीत आहे का, ते आधीच विचारून घे. आणि जागा बघायला निघशील तेव्हा मला कळव. गुडघा बरा असला तर एखाद्या गल्लीत मीही येईन, ओट्यावर बसायला.

तुझा,
सर